अर्धी झाली असेल तर अर्धी द्या, पण आज द्या

आज डोकं तापलंय, म्हणून लांबलचक लिहितेय.

सकाळी ऑफिस अवर्सला (विद्यार्थ्यांनी शंका घेऊन भेटायची वेळ) एक मुलगी आली. सांगलीकडची, पुण्यात इंजिनिअरिंग केलेली, इथे अमेरिकेत एमएसच्या पहिल्या सेमिस्टरला. असाइनमेंटची मुदत उलटून ९ दिवस झालेले. मेल नाही, वर्गात फिरकली नाही. लॅपटॉप उघडला तर ५ पैकी ३ प्रश्न सोडवून ठेवलेले, आकृत्यांसकट, नीट. "मग दिलं का नाहीस गं?" तर म्हणते, "मॅम, अर्धवट कसं देणार?"

आणि त्याच वेळी इथल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका काकांचा मेसेज: हल्लीच्या मुलांना शिस्तच नाही.

शिस्त नाही? तीन प्रश्न करून ठेवलेत तिने! तिला कुणी सांगितलंच नाही की इथे हिशोब उलटा आहे. आपल्याकडे जर्नलमधलं एक प्रॅक्टिकल राहिलं तरी फाइल परत येते, सही मिळत नाही. उशीर मात्र खपतो. सेमिस्टरभराचं सगळं शेवटच्या आठवड्यात रात्री जागून लिहायचं आणि सबमिशनच्या रांगेत उभं राहायचं. इथे अर्धवट चालतं, त्याचे मार्क मिळतात. उशीर मात्र महागात पडतो. चार वर्षं अंगवळणी पडलेली गोष्ट विमानातून उतरल्यावर आपोआप सुटते होय?

आकडे मांडून बघा. ५ असाइनमेंट्स मिळून कोर्सचे ४० मार्क, म्हणजे एकीचे ८. तिचे ३ प्रश्न वेळेत गेले असते तर ४.८ पदरात पडले असते. दिवसाला १० टक्के कापतात असं धरलं आणि २ दिवस उशिरा दिलं असतं, तरी ३.८ च्या आसपास. तिला मिळाले शून्य. वर भीतीने पुढची असाइनमेंट उघडलीच नाही, म्हणजे १६ मार्क गेले. ग्रॅज्युएट स्कूलमध्ये बहुतेक ठिकाणी ग्रेडची सरासरी ४ पैकी ३.० ठेवावी लागते, म्हणजे बी. दोन विषयांत सी आला की प्रोबेशनचं, म्हणजे 'ग्रेड सुधारा नाहीतर बाहेर' असं, पत्र हातात.

तेव्हा आत्ता, या क्षणी जे अडकलेत त्यांनी आधी सिलॅबस, म्हणजे इथे कोर्सच्या नियमांचं पत्रक, उघडा आणि उशिराचा नियम शोधा. बऱ्याच कोर्सेसमध्ये, विशेषतः कंप्युटर सायन्सच्या, सेमिस्टरभरासाठी ३-४ 'लेट डेज' फुकट असतात, म्हणजे तेवढे दिवस उशीर झाला तरी मार्क कापत नाहीत. ते आपोआप वापरले जातात की आधी कळवावं लागतं, ते वाचा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये काही ठिकाणी ते सगळ्यांच्याच खात्यातून जातात, म्हणून जोडीदाराला विचारल्याशिवाय वापरू नका. मग कॅनव्हासवर, म्हणजे जिथे असाइनमेंट अपलोड करतो त्या वेबसाइटवर, बघा. मुदतीची तारीख वेगळी आणि अपलोड बंद होण्याची तारीख वेगळी असू शकते. पहिली गेली की 'लेट'चा शिक्का बसतो, पण दुसरी येईपर्यंत दार उघडं असतं. जे आहे ते टाका. टाकलेली फाइल उतरवून उघडून बघा, कारण घाईत भलतीच पीडीएफ जाते.

मग मेल. विषयाच्या ओळीत कोर्स नंबर आणि असाइनमेंट नंबर. आत एवढंच: "असाइनमेंट २ ची मुदत चुकली. ५ पैकी ३ प्रश्न आत्ता अपलोड केले आहेत. उरलेले २ सोमवारी रात्रीपर्यंत देऊ शकते. चालेल का?" तारीख तुम्ही सुचवायची. तीन परिच्छेद माफी मागायची नाही, खोटं मेडिकल सर्टिफिकेट तर अजिबात नाही. ते सुचवणारे सीनियर्स याच ग्रुपमध्ये आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

दोन असाइनमेंट्स डोक्यावर असतील तर जिची मुदत अजून गेली नाही ती आधी. जुनी करत बसलात तर नवीही उशिरात जाते आणि दोन्हीकडून मार्क गळतात. अपवाद एकच, जुनीचं अपलोड आज रात्री बंद होत असेल तर.

आणि रात्री दोन वाजता मित्राचा कोड मागायचा नाही. व्हेरिएबलची नावं बदलून काही होत नाही, मॉससारखी कॉपी शोधणारी सॉफ्टवेअर्स कोडची रचना पकडतात. उशिराने मार्क जातात, कॉपीने डिग्री धोक्यात येते.

हो, काही मुलं खरंच टंगळमंगळ करतात. आणि काही प्रोफेसर एका ओळीत 'नाही' म्हणून मोकळे होतात. मान्य.

पण ही तशी नव्हती हो. बऱ्याच वेळाने, चार्जर गुंडाळता गुंडाळता बोलली की त्या आठवड्यात तिची आजी गेली. अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर पाहिला. कुणाला सांगितलं नाही, कारण "आजी गेली म्हटलं की बहाणा वाटतो ना." आठवड्याची असाइनमेंट, खोलीत एकटी, आणि हे ओझं. मला पुढे काही बोलवेना.

पोरांनो, यासाठी डीन ऑफ स्टुडंट्सचं ऑफिस असतं. घरी मृत्यू किंवा आजारपण असेल तर तिथे एकदाच सांगायचं. बहुतेक विद्यापीठांत ते तुमच्या सगळ्या प्रोफेसरांना परस्पर कळवतात, प्रत्येकापुढे तेच तेच रडगाणं गावं लागत नाही. सेमिस्टरच बिघडलं असेल तर 'इन्कम्प्लीट' ग्रेड मागता येते, पण ती सेमिस्टर संपायच्या आत, बरंचसं काम झालेलं असताना, आणि पूर्ण करायची तारीख लेखी ठरवून. ती तारीख चुकली की अनेक ठिकाणी तिचा एफ, म्हणजे नापास, होतो. कोर्स सोडायचा असेल तर आधी इंटरनॅशनल ऑफिस, म्हणजे विद्यापीठात व्हिसाचं बघणारं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळचे क्रेडिट्स लागतात, बहुतेक ठिकाणी ९. परवानगी न घेता त्याखाली गेलात तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, इथे राहण्याचा होतो.

ग्रुपवरच्या काकांना उत्तर दिलेलं नाही. इथेच वाचा म्हणावं.

तिने माझ्यासमोर बसून ते ३ प्रश्न अपलोड केले. ९ दिवसांनी त्याचे काय मार्क मिळतील ते मिळोत. मेल लिहिताना 'सॉरी' चार वेळा आलं होतं, तीन खोडायला लावले. वीसेक मिनिटांत प्रोफेसरांचं उत्तर आलं: आजीबद्दल वाईट वाटलं, दोन्ही असाइनमेंट्स पुढच्या शुक्रवारपर्यंत दे.

तुमच्यापैकी कुणाची अशी फाइल लॅपटॉपमध्ये पडून असेल तर सिलॅबसचं ते पान मला इनबॉक्स करा. आज रात्री जागी आहे.