सावलीचा पत्ता

'आपण हरवलोय' हे वाक्य आमच्या ह्यांना चालत नाही. हरवणं चालतं. वाक्य चालत नाही. "आपण जरा लांबून चाललोय," असं म्हणायचं.

व्हेनिसच्या पहिल्याच संध्याकाळी आम्ही असे दीड तास लांबून चाललो होतो. रिआल्तोचा पूल मागे टाकला की दहा मिनिटांनी तोच पुढ्यात उभा. शेवटी माझे पाय बोलायला लागले, तेव्हा एका बोळकांडीत उजेड दिसला. बोळ इतका अरुंद की छत्री उघडली असती तर दोन्ही भिंतींना टेकली असती. आत एक लाकडी फळी, तिच्यावर काचेचं कपाट, पलीकडे एक जाडजूड बाबा आणि अलीकडे इवलाले ग्लास घेऊन उभी असलेली सात-आठ माणसं. बसायला काहीही नाही.

"अमृततुल्य दिसतंय," हे म्हणाले.

अमृततुल्यच ते, फक्त चहाचं नाही. व्हेनिसमध्ये याला बाकारो म्हणतात. यायचं, उभ्याउभ्या एक छोटा ग्लास वाइन घ्यायची, दोन घास तोंडात टाकायचे, गावच्या राजकारणावर वाद घालायचा आणि पुढच्या बाकारोकडे निघायचं. त्या छोट्या ग्लासाला तिथे ओम्ब्रा म्हणतात. ओम्ब्रा म्हणजे सावली. पूर्वी सान मार्कोच्या चौकात वाइन विकणारे उन्हापासून वाचायला मनोऱ्याच्या सावलीबरोबर आपली दुकानं सरकवत, म्हणून हे नाव पडलं अशी कथा सांगतात. हे ऐकून ह्यांना लगेच शंका आली. तो मनोरा १९०२ साली कोसळला आणि १९१२ साली पुन्हा उभा राहिला. मग मधली दहा वर्षं सावली कुठली? त्यांनी ती शंका बाबाला इंग्रजीत विचारली. बाबाने अजून एक ग्लास भरला. मला ते उत्तर पटलं.

मी मात्र काचेच्या कपाटापाशीच अडकले होते. माझं माहेर मालवणचं आणि सासर सदाशिव पेठेतलं. परदेशात गेलं की ह्यांच्यासाठी उकडलेलं अर्धं अंडं शोधायचं आणि माझ्यासाठी उरलेलं सगळं. इथे पावाच्या तुकड्यावर पांढरं लोण्यासारखं काहीतरी थापलं होतं. तो निघाला सुका मासा! नॉर्वेचा कडक वाळवलेला कॉड, भिजवून, शिजवून, तेल घालून घोटलेला. १४३१ साली पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा व्यापारी वाइन भरून क्रीटहून फ्लँडर्सला निघाला, वादळात जहाज गमावून बसला आणि पुढच्या वर्षी होडीतून थेट नॉर्वेच्या लोफोतेन बेटांना लागला. हा सुका मासा व्हेनिसला त्यानेच आणला म्हणतात. म्हणजे तोही जरा लांबूनच चालला होता. शेजारच्या ताटलीत तळलेल्या तारल्या होत्या, वर व्हिनेगरमध्ये मुरवलेला कांदा, बेदाणे आणि चिलगोजे. जहाजावर टिकाव्यात म्हणून काढलेली युक्ती. पहिल्या घासाला मला आई आठवली. दुसऱ्या घासाला, ती यात कोकम का नाही म्हणून बाबाला काय बोलली असती, तेही आठवलं.

"उद्या परत इथेच," मी जाहीर केलं. ह्यांनी अंड्यावरची अँचोव्ही, म्हणजे खारवलेली बारीक मासळी, माझ्या ताटलीत सरकवली आणि मान डोलावली.

आता माझी चूक सांगते. मी अठ्ठावीस फोटो काढले. ग्लासाचे, तारल्यांचे, कपाटाचे, बाहेरच्या खिडकीत बसलेल्या मांजराचे. पाटीचा एकही नाही. जन्म पाट्यांच्या शहरात काढलेल्या बाईच्या हातून हे व्हावं! ह्यांना मात्र कोपऱ्यावरच्या गल्लीचं नाव पाठ होतं: काले देल फोर्नो. तिथे गल्ल्यांची नावं भिंतीवर पांढऱ्या चौकटीत काळ्या अक्षरांनी रंगवलेली असतात, त्यामुळे ह्यांचा आत्मविश्वास दांडगा होता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला काले देल फोर्नो सापडली. मग अजून एक सापडली. तिसरी सापडल्यावर कळलं की फोर्नो म्हणजे भट्टी, आणि या गावात जिथे जिथे पूर्वी पाव भाजत, तिथे तिथे भट्टीची गल्ली आहे. मांजरंही पाच दिसली. प्रत्येक खिडकीत.

फोनवरचा निळा ठिपका कालव्यात पोहत होता. पिवळ्या पाट्यांचा आधार घ्यावा, तर एका भिंतीवर रिआल्तोकडे जाणारा बाण डावीकडेही होता आणि उजवीकडेही. गंमत म्हणजे दोन्ही बरोबर होते. एका आजींना काले देल फोर्नोचं नाव सांगून रस्ता विचारला, तर त्या म्हणाल्या, "सेम्प्रे द्रितो." नाकासमोर जा. समोर भिंत होती.

घरांचे नंबर तरी बघावेत म्हटलं. तिथे नंबर गल्लीचे नसतातच. गावाचे सहा भाग, आणि प्रत्येक भागाची घरं एकपासून सलग मोजत गेलेली. त्यातल्या कास्तेल्लो भागात तर आकडा साडेसहा हजारांच्या वर जातो. मी हताश झाले, पण ह्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, हे आपलंच झालं की! सदाशिव पेठ अमुक अमुक!"

"आपल्याकडेही पोस्टमन रडतोच," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुसरीकडे बसून बघितलं. म्हणजे खरोखर बसलो, आणि तोच घात झाला. उभ्याने पिण्याचा भाव वेगळा, बसून पिण्याचा वेगळा, आणि टेबलाशी टेकल्याचे माणशी आणखी वेगळे. बिल बघून हे त्या खुर्चीवरून जे उठले, ते उरलेल्या सहलीत कुठेही बसले नाहीत.

निघायच्या दिवशी स्टेशनपर्यंत बोटीने जाऊ म्हटलं. तिकीट माणशी साडेनऊ युरो. ह्यांनी त्याचे रुपये केले, दोघांचे मिळून केले, आणि "पायीच जाऊ, नकाशा आता पाठ झालाय," असं सांगितलं. दोन चाकांच्या बॅगा आणि पायऱ्यांचे पूल. पाचव्या पुलावर माझ्या बॅगेचं एक चाक निखळून कालव्यात पडलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात खिडकीत मांजर दिसलं.

तेच मांजर. तोच बोळ. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि बाबाच्या फळीशी बाजारातून परतलेले चार म्हातारे सावलीला उभे होते. बाबाने आमच्याकडे पाहिलं, तीन चाकांच्या दोन बॅगांकडे पाहिलं आणि काही न विचारता दोन ग्लास ठेवले. वर अर्धं अंडं.

"अहो, गाडी," मी तोंडदेखलं म्हटलं.

"नंतरची आहे ना."

नंतरचीही गेली. पण या वेळी ह्यांनी पक्कं काम केलं. खर्चाची वही काढली, दाराबाहेर जाऊन चौकटीवरचा नंबर बघून आले आणि मोठ्या अक्षरांत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. स्टेशनपर्यंत ते ती वही छातीशी धरून चालले.

गेल्या महिन्यात ह्यांचा मित्र सहकुटुंब व्हेनिसला गेला. जाण्याआधी चार वेळा जेवायला बोलावून ह्यांनी त्याला तारल्यांचं वर्णन ऐकवलं होतं, स्वतः एकही खाल्ली नसताना. मग एका रात्री दहा वाजता फोन आला. मागे घंटा वाजत होती, आणि वहिनींचा आवाज मला लांबूनही ओळखू आला. तिथे लांबून चालताना माझाही आवाज असाच लागला होता.

"लिहून घे," हे ऐटीत वही उघडून म्हणाले, "एकोणीसशे एक्केचाळीस."

पलीकडे जरा शांतता पसरली.

"ते झालं रे," मित्र म्हणाला, "पण कुठल्या पेठेत?"