सभागृह नको, ओपन स्पेस मोकळाच राहू द्या

परवा रात्री कॉलनीची बैठक झाली आणि ओपन स्पेसवर सभागृह बांधायचं जवळजवळ ठरलंच. जवळजवळ अशासाठी, की हात वर करा असं कोणी म्हटलंच नाही. नकाशा फिरला, चहा आला, सगळे घरी गेले. तिथे बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

"महापालिकेची जागा आहे, फुकटात काही होतंय तर होऊ द्या ना भो," असं तिघाचौघांनी म्हटलं. फुकटात कसं? ०.४ हेक्टर, म्हणजे एकरभर किंवा त्याहून मोठा लेआउट पाडला की किमान १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. आपला लेआउट तीन एकरांचा, म्हणून १२ गुंठे सुटले. लेआउटवाल्याने ते काही पदरचे सोडले नाहीत, आपल्या प्लॉटच्या भावात धरले. १२ गुंठे म्हणजे १३,०६८ चौरस फूट. ४८ घरांत वाटा, प्रत्येकाला २७२ येतात. चांगली ऐसपैस खोली! कागदावर नाव महापालिकेचं, पण पैसे आपल्या खिशातले. आणि अशी जागा वाटेल त्या कामाला वळवता येत नाही. बंगळूरला उद्यानाची जागा खासगी दवाखान्याला दिली होती. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने ते चालू दिलं नाही. दवाखाना काही वाईट गोष्ट नव्हे, तरीही.

सभागृहाचं माझं भांडण चावीशी आहे. शेजारच्या कॉलनीत असंच झालं. पहिली दोन वर्षं झकास. आता दाराला कुलूप, ओट्यावर कोणाचे तरी मांडवाचे बांबू, आणि चावी विचारली तर "अध्यक्षांकडे असेल". अध्यक्ष पुण्याला, मुलाकडे.

समोरच्या वहिनींचं म्हणणं मात्र मला टाळता येत नाही. त्यांच्या सासऱ्यांच्या तेराव्याला रस्त्यावर मांडव घालावा लागला, पंगत गाड्यांच्या हॉर्नमध्ये उठली. लॉन्सचं भाडं सगळ्यांना झेपत नाही, हे खरंच आहे. पण वहिनी, तो मांडव ओपन स्पेसवर का नाही घातला? गाजरगवत माजलं होतं आणि डुकरं लोळत होती, म्हणून. म्हणजे गरज साफसफाईची होती, स्लॅबची नव्हती.

मोकळ्या जागेवर काय काय होतं ते आठवा. थंडीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजतो, जमिनीवरचे काळे डाग फाल्गुनापर्यंत जात नाहीत. गणपतीचा मंडप इथेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी कडुनिंबाला झोका बांधतात; त्या आडव्या फांदीवर दोराचे वळ पडलेत, जवळ जाऊन बोट फिरवून बघा. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, रात्री लाईट गेली की अर्धी कॉलनी खाटा-खुर्च्या घेऊन तिथेच असते. सभागृहात यातलं एखादं होईल, तेही अर्ज करून.

पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक हवा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते: उन्हाळ्यात त्यावर संध्याकाळी सातलाही अनवाणी उभं राहून दाखवा. शिवाय आपल्या बोअरना जे काही पाणी मिळतं, त्यातलं थोडंफार याच मातीतून मुरतं.

माझी मागणी अगदी साधी. चारही कडांना कडुनिंब आणि करंज, उताराच्या कोपऱ्यात शोषखड्डा, एक नळ, दोन दिवे. वर्षातून दोनदा गवत काढायचं, त्याची वर्गणी मी आधी देते. गेट नको. गेट आलं की कुलूप येतंच.

सभागृहवाल्यांनी रागावू नये. तुमचा नकाशा सुबक आहे, पण त्यात कडुनिंब कुठे गेला ते मला सापडलं नाही.

रविवारी रात्री साडेनऊला परत बसायचंय. खुर्च्या घरून आणा. आणि त्या झाडाखाली कायम छोटा हत्ती लावणाऱ्या भाऊंनी त्या दिवशी तरी तो हलवावा.