गणपतआबा "कधीच हरले नाहीत" हे खरं नाही, आणि त्यात कमीपणाही नाही

३० जुलै, म्हणजे स्मृतिदिन आला की सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा (आबांचा) फोटो आणि खाली तोच मजकूर सगळ्या ग्रुपवर फिरतो. "सलग ११ वेळा आमदार, ५५ वर्षांत एकदाही पराभव नाही, मंत्रिपदाला कधी हात लावला नाही, देशात असा विक्रम दुसऱ्या कुणाचा नाही." मला आबांबद्दल प्रचंड आदर आहे, म्हणूनच हे लिहितोय.

आधी ते "सलग". ११ वेळा बरोबर आहे, सगळ्या वेळा सांगोल्यातूनच आणि शेकापकडूनच (शेतकरी कामगार पक्ष), पण सलग नाही. १९६२, ६७ ला निवडून आले आणि ७२ ला पडले. मग ७४ ची पोटनिवडणूक जिंकली, पुढे ७८, ८०, ८५, ९०, आणि ९५ ला पुन्हा पडले. नंतर ९९, २००४, २००९, २०१४. बोटांवर मोजून बघा, बरोबर ११ भरतात. १९६२ ते २०१९ या ५७ वर्षांतून मधली दोन आणि चार वर्षं वजा केली तर आमदारकीची साधारण ५१ वर्षं होतात, ५५ नाही.

९५ चा पराभव तर आमच्याकडच्या जुन्या माणसांना काल घडल्यासारखा आठवतो. मेसेज आला तेव्हा मामांना वाचून दाखवला, ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अरे कोण म्हणतं पडले नाहीत, दोनशेच्या आत मतांनी गेली होती सीट, त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं." शहाजीबापू पाटलांनी हरवलं होतं तेव्हा. आबा सत्तरीला आलेले, दुसरा कुणी असता तर घरी बसला असता किंवा सत्तेतल्या पक्षात गेला असता. पण त्याच काळात आटपाडीची पाणी परिषद चालू होती, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्याबरोबर १३ दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळावं म्हणून आबा उभे राहिले, आमदारकी नसतानाही राहिले, आणि ९९ ला लोकांनी परत निवडून दिलं. हा सगळा भाग त्या एका "पराभव नाही" मुळे पुसला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मंत्रिपदाचं म्हणाल तर तेही चुकीचं आहे. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये आबा मंत्री होते आणि ९९ नंतर विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही होते. मंत्री होणं हा काय गुन्हा आहे का की तो लपवावा? उरलेली बहुतेक सगळी वर्षं ते विरोधी बाकावर बसले, तिथूनच दुष्काळ, रोजगार हमी, शेतीचं पाणी यावर बोलत राहिले, हे सांगायला पुरेसं आहे.

आता देशातला विक्रम. तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा आमदार झाले, १९५७ ते २०१६. त्यांनी मतदारसंघ बदलले म्हणून ते सोडून द्या हवं तर, पण केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ निवडणुका जिंकले, १९६५ पासून २०१६ पर्यंत, आणि त्या खरोखर सलग होत्या. महाराष्ट्रापुरतं म्हणा, देशाचं नको.

"घरातलं कुणी राजकारणात नाही" असंही एका मेसेजमध्ये होतं. २०१९ ला आबा थांबले तेव्हा नातू अनिकेत उभे राहिले, ७६८ मतांनी पडले, २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. झालं एवढंच.

साधी राहणी, एसटीचा प्रवास, आयुष्यभर एकच पक्ष, यावर माझा काही वाद नाही. मेसेज पाठवायचाच असेल तर "सलग ११ वेळा" खोडा आणि तिथे "दोन पराभव पचवून ११ वेळा" एवढं लिहा, "एकदाही पराभव नाही", मंत्रिपदाची आणि देशाच्या विक्रमाची ओळ काढा, बाकी राहू द्या.