कौल उजवाच मिळावा म्हणून

देवाला विचारल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु निर्णय घेऊन झाल्याशिवाय देवाला विचारू नये, ही त्याहून मोलाची खबरदारी आपल्याला कोणी सांगत नाही. समजा, सिंधुदुर्गातली वडिलोपार्जित सामाईक जमीन आपल्याला विकायची आहे, सात-बाऱ्यावर चुलतभावांची नावे आहेत आणि दलालाकडून बयाण्याची रक्कम आपण गुपचूप घेतलेली आहे. ग्रामदेवतेला कौल लावण्याची योग्य वेळ हीच होय.

गुरव देवापुढे आपल्या वतीने जे मागणे घालतो, त्या गाऱ्हाण्यात ‘विक्री’ हा शब्द येऊ देऊ नये. ‘या जागेची अडचण दूर होऊन सर्व लेकरांचे कल्याण व्हावे, अशी देवाची इच्छा आहे काय?’ असे गुरवाला सांगून ठेवावे. कल्याणाला नाही म्हणणे देवालाही जड जाते, आणि गाऱ्हाण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून दुजोरा देणाऱ्या मंडळींत चुलतभाऊही असतील, तर त्यांची संमती आपोआपच नोंदली जाते.

गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या, म्हणजे कळे, देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ओली पाकळी सुकली की सुटते, यात आपल्याला काही करण्यासारखे नाही असे भोळ्या माणसांना वाटते. आपण मात्र वडिलांच्या स्मरणार्थ देवळाला एक पंखा द्यावा, पात्यांवर त्यांचे नाव लाल रंगात घालावे आणि तो उजव्या अंगाला बसवण्याचा आग्रह धरावा. उजवी बाजू देवाची धरायची की समोर उभ्या असलेल्या आपली, हा प्रश्न आधी उपस्थित करू नये. पाकळी पडल्यावर तो फार उपयोगी पडतो.

एवढे करूनही डावा कौल आलाच, तर खचून जाऊ नये. गाऱ्हाण्यात कोणाचा तरी मान राहून गेला, कोणी तरी सुतकात येऊन उभा राहिला, असे काही ना काही निघतेच. ते निस्तरून पुन्हा कळे लावावेत. ग्रामदेवता फारच हट्टाला पेटली, तर कुलदैवताकडे जावे. ते गोव्यात असेल तर उत्तमच, कारण तिथे प्रसाद, म्हणजे कौलच, घेताना भावकीपैकी कोणी हजर नसते. देव अनेक असण्याची ही सोय आपल्या पूर्वजांनी विनाकारण करून ठेवलेली नाही.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीचे उदाहरण कोणी देऊ लागल्यास विषय बदलावा. भराडी देवीच्या जत्रेला ठरावीक तिथी नाही. देवीचा कौल मिळेल तेव्हाच तारीख जाहीर होते. तोवर मुंबईचे चाकरमानी रजेचे अर्ज हातात धरून बसतात, रेल्वेच्या जादा गाड्याही त्यानंतरच ठरतात, आणि ज्यांच्या दौऱ्यांपुढे सारा जिल्हा तिष्ठतो त्या पुढाऱ्यांनाही त्याच तारखेला यावे लागते. उत्तर ठाऊक नसताना प्रश्न विचारणारी ही माणसे आहेत. असल्या नादाला लागलो, तर देव एखाद्या वेळी ‘चुलतभावाला आधी विचार’ असेही सांगायचा.

उजवा कौल मिळताच तो भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावा. आपण स्वतः विकत असतो तर भावांनी जाब विचारला असता, वकिलाची नोटीस धाडली असती. देवाने विकायला सांगितल्यावर विरोध करणारा आपोआप नास्तिक ठरतो, आणि पुढे त्याच्या घरी कोणी आजारी पडले तर त्याचे कारणही गावात तयार असते. उद्या व्यवहार फिसकटला, तर देवाची इच्छा म्हणून हात झटकावेत. दिवाणी न्यायालय देवाला साक्षीला बोलवीत नाही.

पैसे हाती आल्यावर बोललेल्या नवसाची आठवण गुरव करून देईलच. तो या वर्षी फेडावा की पुढच्या, यासाठी मात्र कौल लावण्याच्या भानगडीत पडू नये.