भिंत हिरवी की दार जाड?

घरच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चाललाय. वहिनी आणि तिचे तीन डॉक्टर मित्र मिळून शहरात चार मजली ओपीडी बांधताहेत, आणि ती आतून कशी असावी यावर प्रत्येकाला मत आहे. बाबांचं म्हणणं, दवाखाना दवाखान्यासारखाच दिसावा, पैसे मशिनांत घाला. दादाला लॉबीत संगमरवर हवाय. इंटिरिअर डिझायनरने भिंतभर जंगलाचा फोटो सुचवलाय. मी अकरा वर्षं परदेशात, म्हणून मला विचारणा: "तुमच्याकडे कसं असतं गं?"

तुमच्याकडे! बरं.

मी जिथे तपासणीला जाते तिथे खुर्च्यांना हात आहेत. क्षुल्लक वाटेल, पण गुडघे दुखणारा माणूस हातांवर जोर देऊनच उठतो. मऊ सोफ्यात रुतला की त्याला उठवायला दुसरा लागतो. खुर्च्या समोरासमोर रांगेत नाहीत, दोन-तीनच्या गटांत आहेत, त्यामुळे अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. रक्त घेतात त्या खुर्चीसमोर खिडकी, सुयांचा ट्रे पाठीमागे. आणि डॉक्टरांच्या खोलीचं दार जाड आहे. लागलं की आतलं बोलणं आतच राहतं.

त्या दाराची किंमत मला मायदेशातल्याच एका दवाखान्याने शिकवली होती. प्लायच्या पार्टिशनपलीकडे एका बाईंना त्यांचे रिपोर्ट समजावून सांगत होते आणि अलीकडे आम्ही आठ जण माना खाली घालून सगळं ऐकत होतो. माझा नंबर आला तेव्हा मी दुखणं अर्धंच सांगितलं. औषधही अर्ध्याचंच मिळालं.

जंगलाच्या फोटोसाठी डिझायनरने संशोधक रॉजर उलरिच यांच्या १९८४ सालच्या अभ्यासाचा दाखला दिलाय. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास खराच आहे. पण ती माणसं कित्येक दिवस दाखल होती आणि खिडकी खरी होती. तास-दोन तास बसून घरी जाणाऱ्याला छापील जंगल तेवढंच देईल, असं त्यातून निघत नाही.

त्यापेक्षा मला फिनलंडमधलं पाइमिओचं सॅनेटोरियम आठवतं. वास्तुकार आल्व्हार आल्टो यांनी क्षयरोग्यांसाठी बांधलेलं, १९३३ मध्ये पूर्ण झालेलं. रुग्ण दिवसभर उताणा पडून असणार, म्हणून छताला शांत हिरवा रंग आणि दिवा त्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी. बेसिनचा उतार असा, की पाणी पडल्याचा आवाज शेजारच्या खाटेवर जाऊ नये. आपला ओपीडीतला पेशंट मात्र आडवा नसतो. तो बसलेला असतो, कान उघडे ठेवून, आपलं नाव कधी पुकारतील याची वाट बघत. मग त्याच्या कानांचा आणि त्या वाट बघण्याचा विचार आधी नको का?

इथे मात्र इकडचं कौतुक आवरतं घेते. मागच्या हिवाळ्यात त्याच सुंदर, शांत वेटिंग रूममध्ये मी पन्नास मिनिटं बसून होते. पडद्यावर माझा क्रमांक येईना, आणि विचारायला काउंटरवर माणूसच नव्हता. यंत्रात कागद सरकवायचा आणि गप्प बसायचं. दिवे मंद, समोर झाड, आणि माझे हात गार. तिकडच्या गोंगाटात निदान कंपाउंडर ओरडून सांगायचा, "अजून चार जण आहेत, मॅडम, चहा पिऊन या." तेवढ्या एका वाक्याने जीव भांड्यात पडायचा. थांबायला माणूस तयार असतो हो, किती थांबायचं ते कळलं पाहिजे.

म्हणून ग्रुपवर लिहिलं: काउंटर दारातून शिरताच दिसेल असा आणि त्यामागे बोलणारा माणूस, किती जण पुढे आहेत ते दाखवणारा मोठ्या अक्षरांतला फलक, पण त्यावर नाव नको, टोकन नंबर. छताला आवाज शोषणारे पॅनेल. टीव्ही नको. चकचकीत फरशीही नको, ओली झाली की म्हातारी माणसं तिच्यावरून जीव मुठीत धरून चालतात. जाड दारं. एवढं करून पैसे उरले तर रंग.

बाबांनी अंगठा पाठवला. वहिनीने दारांचा भाव काढायला सांगितलाय. दादा अजून संगमरवरावरच अडून आहे.