रात्री अकरा वाजता विलपॉवर शोधू नका

"तुझा जिभेवर ताबाच नाही" हे वाक्य लोक किती सहज फेकतात ना. सिगरेटवाल्याला निदान बिचाऱ्याला व्यसन लागलंय असं तरी म्हणतात, पण रात्री फ्रीज उघडून उभा असलेला माणूस म्हणजे डायरेक्ट ढिला, आळशी, खादाड. आणि तो स्वतःही स्वतःला तेच म्हणत असतो, चमचा तोंडात असतानाच.

मला हे पटत नाही. ज्यांना आपण फार शिस्तीचे समजतो ते लोक मोहाशी कुस्ती खेळत बसत नाहीत, त्यांच्यावर ती वेळच कमी येते. हवेत बोलत नाहीये. २०१२ साली विल्हेल्म हॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, जर्मनीतल्या २०५ लोकांना आठवडाभर एक यंत्र देऊन ठेवलं, ते दिवसातून अधूनमधून वाजायचं आणि वाजलं की सांगायचं की आत्ता कसली इच्छा होतेय, तिला नाही म्हणताय का. आपल्याला वाटेल की स्ट्राँग कंट्रोलवाले दिवसभर दातओठ खाऊन नाही नाही करत असणार, तर उलटंच निघालं, त्यांना हा झगडा इतरांपेक्षा कमी करावा लागत होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शिस्त ही बिस्किटाच्या पुड्यासमोर दाखवायची गोष्ट नाही, ती त्याच्या खूप आधी, दुकानात यादी करताना, दुपारी नीट जेवताना, रात्री वेळेवर लाईट बंद करताना दाखवून झालेली असते. पुडा घरात असेल, डोळ्यासमोर असेल, तुम्ही दमलेले असाल आणि दुपारी अर्धपोटी राहिलेले असाल तर निकाल आधीच लागलाय, मग कितीही मोटिवेशनल व्हिडिओ बघा.

अर्धपोटीवरून आठवलं. डाएट म्हणजे कमी खाणं आणि अजून कमी खाणं असं समजणाऱ्यांनी मिनेसोटाचा प्रयोग जरूर वाचावा. १९४४-४५ मधे अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ तरुण, धडधाकट पुरुषांना, तेही स्वतःहून तयार झालेल्या, जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचं काय झालं, तर डोक्यात चोवीस तास फक्त खाणं, गप्पा खाण्याच्या, स्वप्नं खाण्याची, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं घेऊन वाचत बसायचे. यातला कोणी मुळात खादाड नव्हता हो, उपाशी शरीर असंच वागतं. मग सकाळी ब्लॅक कॉफी, दुपारी चार काकड्या असं करणाऱ्याला रात्री क्रेव्हिंग, म्हणजे काहीतरी खायची अनावर इच्छा, आलं तर त्यात नवल काय, मला तर उलट ते शरीर व्यवस्थित चालू असल्याचं लक्षण वाटतं.

झोपेचंही तसंच. शिकागो विद्यापीठातला २००४ चा एक छोटा अभ्यास आहे, १२ निरोगी तरुण, दोन रात्री फक्त चार चार तास झोप. भूक वाढवणारं घ्रेलिन हे हार्मोन २८ टक्क्यांनी वर आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी खाली. अभ्यास छोटाय, मान्य, पण जागरणानंतरच्या दिवशी आपल्याला गोड आणि चटपटीतच का हवं असतं हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आणि समोरचा पदार्थ पण साधा नसतो. २०१९ मधे केव्हिन हॉलच्या टीमने अमेरिकेत २० जणांना संशोधन केंद्रातच ठेवून दोन आठवडे पॅकेटबंद, अल्ट्राप्रोसेस्ड खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या ताटात साखर, फॅट, फायबर, कॅलरी सारख्याच होत्या आणि त्यातलं हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पॅकेटवाल्या आठवड्यांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, भराभर खाल्लं ते वेगळंच. तेव्हा चिप्सची अख्खी पिशवी संपल्यावर स्वतःच्या चारित्र्यावर निबंध लिहू नका, पुढच्या वेळी लहान पिशवी आणा, नाहीतर थोडे वाटीत काढून पिशवी वर ठेवून द्या, कंटाळवाणा उपाय आहे पण चालतो.

तरीही क्रेव्हिंग येणारच. तेव्हा मी एकच प्रश्न विचारते, आत्ता साधं जेवण समोर आलं तर खाईन का? हो असेल तर ती भूक आहे, गपचूप जेवायला बसायचं, तिथे शिस्तबिस्त काही दाखवायची नाही. नाही, मला चॉकलेटच पाहिजे, असं असेल तर थोडं थांबायचं, कारण ही लाट चढते तशी बऱ्याचदा उतरतेही. नाहीच उतरली तर एक तुकडा घ्यायचा, खाली बसून, मोबाईल बाजूला ठेवून. "पाणी पी, जाईल" हा सल्ला मला कधीच झेपला नाही, तहान आणि चॉकलेट यातला फरक कळतो हो मला.

सगळ्यात जास्त नुकसान त्या एका तुकड्याने होत नाही, त्यानंतरच्या "आता गेलाच आजचा दिवस, सोमवारपासून बघू" ने होतं. एक बिस्कीट चुकीचं झालं म्हणून उरलेला पुडा संपवायचा, हे कुठलं गणित? सवयी कशा लागतात यावर लंडनच्या फिलिपा लॅलीचं काम आहे, ९६ लोक, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, म्हणजे ते २१ दिवसांचं चॅलेंज वगैरे विसरा. आणि त्यात मधे एखादा दिवस हुकला तर फारसा फरक पडत नव्हता.

एक गोष्ट मात्र यात बसत नाही. कोणी लपूनछपून, पोट दुखेपर्यंत खातंय, नंतर उलटी काढतंय किंवा शिक्षा म्हणून उपाशी राहतंय, तर तिथे डब्यांची जागा बदलून काही होणार नाही, तो आजार असू शकतो आणि त्याला डॉक्टर लागतो, मानसोपचारवाले लागतात. अशा माणसाला कृपा करून डाएट चार्ट पाठवू नका.