मागच्या रांगेतली माणसं

दर १६ डिसेंबरला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १९७१चा ढाक्याचा तो फोटो येतो. टेबलाशी पाकिस्तानचे जनरल नियाझी सही करताहेत, शेजारी आपले जनरल अरोरा. खाली ओळ असते, ‘माणेकशॉंसमोर शरणागती’. गेल्या खेपेला मी लिहिलं, काका, माणेकशॉ त्या दिवशी ढाक्यात नव्हतेच. उत्तर आलं, “तिकडे बसून आपल्या सैन्याच्या चुका काढू नकोस.”

मला ते फार लागलं, कारण मी सैन्याची चूक काढतच नव्हतो.

इथे वॉशिंग्टनजवळ, आर्लिंग्टनला इवो जिमाचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लढून घेतलेल्या जपानी बेटाचं, ब्राँझचं स्मारक आहे. मी तिथे बऱ्याचदा जातो. तिथल्या डोंगरावर अमेरिकी झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचा फोटो छायाचित्रकार जो रोझेन्थलने २३ फेब्रुवारी १९४५ला टिपला, त्यावरून ते घडवलंय. ‘ठरवून काढलेला फोटो’ असा डाग त्याला बिचाऱ्याला जन्मभर चिकटला. झालं होतं एवढंच, की त्याने नंतर झेंड्याखाली सैनिकांना उभं करून एक ग्रुप फोटोही काढला होता. कुणीतरी विचारलं, पोज दिली होती का? त्याला वाटलं, ग्रुप फोटोबद्दल विचारताहेत. तो हो म्हणाला. त्या दिवशी डोंगरावर लागलेला हा दुसरा झेंडा होता, हे मात्र गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात.

झेंडा उभारणाऱ्यांच्या नावांची चूक तर सत्तर वर्षं टिकली. दोन हौशी अभ्यासकांनी जुने फोटो शेजारी शेजारी ठेवून बारकाईने पाहिले. त्यांच्यात गणल्या गेलेल्या जॉन ब्रॅडलीची विजार त्या दिवशीच्या इतर फोटोंत खाली दुमडलेली दिसते, झेंडा उभारणाऱ्याची तशी नाही. शिरस्त्राणाची लोंबणारी पट्टी हॅरॉल्ड शुल्ट्झची निघाली. २०१६मध्ये या सैनिकांच्या दलाने, मरीन कोअरने, चूक मान्य केली, २०१९मध्ये आणखी एक नाव बदललं. शुल्ट्झ लॉस एंजेलिसला टपालखात्यात नोकरी करून १९९५मध्येच वारला होता. ब्रॅडली पहिल्या झेंड्याच्या वेळी हजर होता, आणि गोळीबारात जखमीची शुश्रूषा केल्याबद्दलचं त्याचं पदक त्याचंच राहिलं.

इथलं सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही. इथेही चूक बाहेरच्यांनीच दाखवली, तीही फार उशिरा. पण ती दाखवणाऱ्यांचं म्हणणं लष्कराने तपासून पाहिलं.

आपल्याकडे २०२४च्या डिसेंबरमध्ये ढाक्याच्या शरणागतीचं चित्र लष्करप्रमुखांच्या दालनातून दिल्लीतल्याच माणेकशॉ सेंटरला हलवलं, तेव्हा केवढा वाद झाला! पण त्यात कोण कोण आहे, याची चौकशी आमच्या ग्रुपवर एकानेही केली नाही. माणेकशॉ लष्करप्रमुख होते, विजयाचं त्यांचं श्रेय पक्कं आहे. त्यांना दुसऱ्याची खुर्ची कशाला हवी? त्या एका ओळीने अरोरा पुसले जातात. मागे उभे असलेले जनरल जेकब, जनरल सगत सिंग तर कुणाच्या गावीही नसतात. मला राग येतो तो याचा.

आठवड्याने काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “तो मागे उभा आहे, तो कोण रे?” मी सगत सिंगांचं नाव सांगितलं, हेलिकॉप्टरमधून मेघना नदी ओलांडणाऱ्या त्यांच्या सैन्याची हकिगत सांगितली. काका म्हणाले, “थांब, चष्मा घेतो.”